वावर विकू नका, कोर्टाची किल्ली सांभाळा

वणी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. पत्र लांब होतं, थोडं कमी करून देतो. मुलीचं नाव बदललं आहे.

"सर, मी अंगणवाडी सेविका आहे. घरी चार एकर कोरडवाहू वावर आहे, कपाशी आणि तूर घेतो. माझे मिस्टर जवळच्या खाण वसाहतीतल्या क्लबात कंत्राटावर साफसफाईचं काम करतात, अकरा वर्षं झाली. त्या क्लबात स्क्वॅशचं एक जुनं कोर्ट आहे, त्याची किल्ली मिस्टरांकडेच असते. गौरी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्यासोबत जाते. साहेब लोक गेले की भिंतीवर बॉल मारत राहायची. क्लबात आधी साहेबांना खेळवणारे, गुण मोजणारे एक मार्कर काका होते, आता रिटायर झाले. त्यांनी तिला रॅकेट धरायला शिकवलं.

आता ती चौदा वर्षांची आहे, नववीत. यंदा शाळेकडून खेळली, विभागातून राज्याला गेली, तिथं दुसऱ्या फेरीत हरली. तिथं पुण्याकडच्या एका कोचनी तिला पाहिलं. म्हणाले, पोरीचे पाय सोन्याचे आहेत, माझ्याकडे ठेवा, २०२८ च्या ऑलिम्पिकपर्यंत नेतो. राहणं, जेवण, शिकवणं धरून वर्षाचे साडेतीन लाख सांगितले. मिस्टर म्हणतात, दोन एकर विकून टाकू. वावर सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. गावातले विचारतात, हा कोणता खेळ बाप्पा, टीव्हीवर तर दिसत नाही. धाकटा पोरगा सहावीत आहे. गौरी आठ दिवसांपासून कोणाशी धड बोलत नाही. सर, हा खेळ खेळून पोट भरतं का? आम्ही काय करावं?"

ताई,

आधी उत्तर सांगतो, म्हणजे आजींच्या पोटात आज दोन घास जातील. दोन एकर विकू नका. गौरीला यंदा पुण्याला पाठवू नका. आणि तिचं खेळणं एक दिवसही थांबवू नका. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. कशा, ते खाली लिहितो.

मी कोण, हेही सांगायला हवं. मी सव्वीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. शिकलो अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. खो-खो आणि धावणं हे माझे खेळ. स्क्वॅश, म्हणजे चार भिंतींच्या कोर्टात रॅकेटने समोरच्या भिंतीवर आळीपाळीने बॉल मारायचा खेळ, मी खेळलेलो नाही. शालेय राज्य स्पर्धांना पोरं घेऊन जायचो तेव्हा कोर्टाच्या मागच्या गॅलरीत उभं राहून पाहिला, तेवढाच. पण माझी भाची स्क्वॅशची प्रशिक्षक आहे, आणि हे लिहिण्याआधी सलग दोन संध्याकाळी मी तिच्याशी फोनवर बोललो. खेळाचे बारकावे तिचे, घरादाराचं बोलणं माझं.

पोट भरतं का? भरतं, पण मोजक्यांचं, आणि फार उशिरा. व्यावसायिक स्क्वॅशपटूला पगार नसतो. जगभरच्या स्पर्धा पीएसए या संघटनेखाली होतात, त्यात जिंकलेल्या सामन्यांवर बक्षिसाचा वाटा आणि क्रमवारीचे गुण मिळतात. सुरुवातीच्या पायरीवरच्या स्पर्धांचं एकूण बक्षीसच तीन, सहा, नऊ हजार डॉलर असतं, आणि ते सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. पहिल्या फेरीत हरलेल्याच्या हातात विमानाच्या तिकिटाएवढेही पैसे पडत नाहीत. तिकीट, राहणं, जेवण, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षक, फिजिओ, सगळं ज्याचं त्याने. वरच्या टोकाला चित्र वेगळं आहे. २०१९ मध्ये शिकागोला झालेल्या जागतिक स्पर्धेचं एकूण बक्षीस दहा लाख डॉलर होतं. पण त्या टोकाला पोहोचेपर्यंतची सात-आठ वर्षं खेळाडू नुसता पेरत असतो. तुम्हाला हे मी काय समजावणार? बियाणं, खत, फवारणी आधी, आणि भाव मिळाला तर मग पैसा, हे तुमच्या घरात दरवर्षी घडतं. फरक एवढाच, की वावर एका वर्षी बुडालं तरी पुढच्या जूनमध्ये तिथंच असतं.

आपल्या देशातून कोण वर गेलं ते पाहा. कोलकात्याचा सौरव घोषाल २०१९ मध्ये जगात दहावा आला, भारतातला पहिला पुरुष खेळाडू. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं, २०२४ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा वय सदतीस. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, दीपिका पल्लीकल जगातल्या पहिल्या दहांत पोहोचली होती. तिने आणि जोश्ना चिनप्पाने २०१४ मध्ये ग्लासगोला दुहेरीचं सुवर्ण आणलं, राष्ट्रकुल स्पर्धेतलं भारताचं स्क्वॅशचं पहिलं सुवर्ण. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत भारताने हाँगकाँगला हरवून स्क्वॅशचा विश्वचषक जिंकला. गावात कोणी विचारलं की हा कोणता खेळ, तर हे सांगा. आणि हेही सांगा की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॅश पहिल्यांदाच आहे. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात झाला, क्रिकेटसोबतच.

पण त्या ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या जागा साऱ्या जगातून सोळा. गौरी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल आणि आज ती राज्याच्या दुसऱ्या फेरीत हरली आहे. तिला २०२८ पर्यंत नेतो असं जो कोणी प्रशिक्षक आईबापाला सांगतो, त्याला एकतर खेळ कळत नाही किंवा तो तुमच्या दोन एकरांकडे पाहून बोलतो आहे. हे मी रागाने लिहितो आहे, आणि रागाला कारण आहे.

अनेक वर्षांपूर्वी माझ्या शाळेत एक पोरगा होता. धावण्यात अख्ख्या जिल्ह्यात त्याला जोड नव्हती. मोठ्या शहरातल्या एका अकादमीने त्याला मागितलं. वडील माझ्याकडे आले, ओट्यावर बसले, म्हणाले, सर तुम्ही सांगाल तसं. मी म्हटलं, पाठवा. त्यांनी बैलजोडी विकली आणि वावर सावकाराकडे गहाण ठेवलं. सहाव्या महिन्यात पोराचा गुडघा दुखायला लागला. त्याने कोणालाच सांगितलं नाही. तिथल्या प्रशिक्षकाला नाही, मला नाही, घरी तर नाहीच. पट्टी बांधून तीन महिने धावत राहिला, कारण त्याला ठाऊक होतं की वावर गहाण आहे आणि आपण थांबलो तर बाप उघड्यावर येतो. शेवटी ट्रॅकवर पडला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या महिन्यात आला असतात तर विश्रांतीवर भागलं असतं. तो आता बरा आहे, तालुक्याच्या गावी दुकान चालवतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराने मला रात्री झोप येत नाही.

म्हणून वावर विकू नका म्हणतो. पैसा बुडेल ही भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती दुसरी आहे. वावर विकलं की चौदा वर्षांच्या लेकराच्या रॅकेटवर दोन एकरांचं वजन येतं. मग ती दुखणं लपवते, हरणं लपवते, तिथं कोणी नको तसं वागलं तर तेही लपवते. आठ दिवसांपासून गौरी बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत. ते वजन आत्ताच आलं आहे, ताई. वावर अजून विकलंही नाही.

आता किल्लीबद्दल. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात: कोर्टाची किल्ली मिस्टरांकडेच असते.

पेशावरजवळच्या एका खेड्यात हाशीम खान नावाचा पोरगा होता. बाप इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकर. बाप वारला, पोराने शाळा सोडली आणि त्याच क्लबात बॉल उचलायला, कोर्ट झाडायला लागला. दुपारच्या उन्हात साहेब लोक झोपले की बिनछताच्या कोर्टावर अनवाणी, एकटाच खेळायचा. १९५१ साली, वयाची पस्तिशी उलटल्यावर, त्याने इंग्लंडात जाऊन ब्रिटिश ओपन जिंकली, आणि पुढे एकूण सात वेळा. त्याच्यामागून त्याचे भाऊ, नातेवाईक आले, आणि पाकिस्तानने पुढची कितीतरी वर्षं या खेळावर राज्य केलं. ही गोष्ट मी गौरी ऑलिम्पिकला जाईल म्हणून सांगत नाही. हाशीम खानाकडे पैसा नव्हता, बूट नव्हते, शाळाही सुटली होती. त्याच्याकडे एक गोष्ट होती जी शहरातल्या पैसेवाल्या पोरालाही मिळत नाही: रिकामं कोर्ट, हवं तेवढा वेळ. मोठ्या शहरांत कोर्ट तासावर मिळतं, त्यातही चार-सहा पोरं एका कोर्टात. भाची म्हणाली, "मामा, रोज दोन तास एकटीला कोर्ट मिळत असेल तर तिला पुण्याला कशाला बोलावता? माझ्या पोरी त्यासाठी रडतात."

मग पहिलं काम हे. किल्ली मिस्टरांकडे आहे ती साफसफाईसाठी, खेळासाठी नाही. उद्या नवा साहेब आला आणि म्हणाला, कामगाराची पोरगी कोर्टात कशी, तर खेळ जाईल आणि कंत्राटही जाईल. म्हणून क्लबच्या सचिवांच्या नावे साधा अर्ज करा. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांची शिफारस जोडा, राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, आणि कोर्ट रिकामं असतं त्या वेळेची परवानगी मागा: सकाळी साडेपाच ते सात, आणि शक्य असेल तर संध्याकाळचा एक तास. मागताना मान खाली घालू नका. आपल्या वसाहतीतल्या कोर्टावरून राज्याला खेळाडू गेली, याचा कोणत्याही क्लबाला अभिमानच वाटेल. परवानगी कागदावर घ्या.

दुसरं काम मार्कर काकांचं. आपल्याकडे स्क्वॅश पिढ्यान् पिढ्या जिवंत ठेवला तो क्लबांमधल्या मार्करांनी. साहेबांना खेळवायचं, बॉल द्यायचा, गुण मोजायचे आणि आपलं कसब कुठेही लिहून न ठेवता पोरांच्या हातात उतरवायचं, असं आयुष्य त्यांनी काढलं. तुमच्या मुलीचे पाय सोन्याचे असतील, तर ते काकांनी घडवले आहेत. त्यांना घरी बोलवा, आठवड्यातून दोन दिवस यायची विनंती करा आणि दर महिन्याला पाकिटात काहीतरी द्या. ते नाही म्हणतील, तरी द्या. साडेतीन लाखांपुढे ती रक्कम काहीच नाही, आणि काकांना सांगा की गौरीला यापुढे लेक म्हणून नाही, खेळाडू म्हणून शिकवा.

एकटीने काय करायचं, ते भाचीने सांगितलं तसं लिहितो, हे गौरीलाच वाचायला द्या. समोरच्या भिंतीवर, बाजूच्या भिंतीला समांतर आणि तिच्या लगत बॉल मारत राहायचं, तो दर वेळी कोर्टाच्या मागच्या भागात पडला पाहिजे. न चुकता सलग किती बसले ते मोजायचं, उजवीकडून वेगळे, डावीकडून वेगळे, आणि वहीत तारखेसह लिहायचं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडचा आकडा बहुधा लहान असतो, म्हणून डावीकडे दुप्पट वेळ द्यायचा. फटका मारला की जागेवर थांबायचं नाही, कोर्टाच्या मधोमध जिथं रेघांचा 'टी' होतो तिथं परत यायचं. हा खेळ जिंकतो तो पायांनी. बॉलशिवाय नुसतं टीवरून सहा दिशांना धावून परत येण्याच्या सरावाला घोस्टिंग म्हणतात, आणि त्याला कोर्टही लागत नाही. खळ्यात राखेने बत्तीस फूट लांब, एकवीस फूट रुंद चौकोन आखा, समोरच्या रेघेपासून साधारण अठरा फुटांवर आडवी रेघ, तिथून मागे मधोमध उभी रेघ, झाला टी. कोर्टाला सुट्टी असेल त्या दिवशी खळ्यात घोस्टिंग. बूट घालूनच, अनवाणी नाही.

कोर्टाची जमीन लाकडी आहे की सिमेंटची, ते पत्रात नाही. सिमेंटची असेल तर गुडघे जपायला हवेत, जाड गमच्या तळव्याचे इनडोअर बूट घ्या, आणि खोल वाकून धावण्याचा सराव रोज नको. खेळताना डोळ्यांना आय-गार्ड, म्हणजे खेळाचा संरक्षक चष्मा, हवाच. स्क्वॅशचा बॉल चार सेंटिमीटरचा, डोळ्याच्या खोबणीत बरोबर बसेल एवढा, आणि तो फार जोरात येतो. लहान गटाच्या स्पर्धांत आय-गार्ड सक्तीचा आहे, पण घरच्या कोर्टावर काकांसोबत खेळतानाही तो घातल्याशिवाय दार उघडू नका.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुम्ही गावातल्या पोरीबाळींना रक्त वाढवायच्या गोळ्यांचं सांगता. गौरीचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? स्क्वॅशमध्ये एक गेम संपताना पोरीला दम लागतो, तेव्हा सगळे म्हणतात, स्टॅमिना कमी आहे, अजून पळव. अनेकदा स्टॅमिना कमी नसतो, रक्त कमी असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती खरंच खाते की दप्तरात ठेवते, ते पाहा. जेवणात डाळ, अंडं, शेंगदाणा, गूळ, मोड आलेली मटकी, एवढं नियमाने असलं तरी या वयाला पुष्कळ.

आता पुण्याबद्दल. कधीच पाठवू नका असं मी म्हणत नाही. या खेळात बाहेर जावंच लागतं. सौरव घोषाल शाळा संपवून चेन्नईच्या अकादमीत गेला. आपला महाराष्ट्राचा खेळही मुंबई-पुण्यात एकवटला आहे, विदर्भात तिच्या तोडीच्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. विभागातून राज्याला जाणं तिला सोपं गेलं ते त्यामुळेही, हे तिच्यापासून लपवू नका. प्रश्न जायचं की नाही हा नाही, केव्हा आणि कोणाच्या पैशाने हा आहे.

माझं म्हणणं, दहावी होईपर्यंत दोन वर्षं घरूनच. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन-चार आठवड्यांचं शिबिर पुण्याला किंवा मुंबईला, जवळच्या नातेवाइकाकडे उतरून, शक्य झाल्यास तुम्ही सोबत. आणि वर्षाला दोन ज्युनिअर स्पर्धा, शाळेच्या स्पर्धेखेरीज. त्यासाठी राष्ट्रीय महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी लागते, ती काका किंवा शाळेचे सर ऑनलाइन करून देतील. तिथं ती हरेल. पहिल्यांदा कदाचित अकरा गुणांच्या गेममध्ये अकरा-दोन, अकरा-तीन अशीच हरेल, कारण समोरच्या पोरी सहा वर्षांच्या असल्यापासून शिकलेल्या आहेत. ज्या अनाहत सिंगचं नाव आज सगळीकडे आहे, ती २०२२ मध्ये चौदाव्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत खेळली, पण ती दिल्लीची, आणि घरात मोठी बहीण आधीच स्क्वॅश खेळत होती. गौरीच्या घरात खेळणारी ती पहिलीच. म्हणून जिंकली की हरली हे पाहू नका. प्रत्येक गेममध्ये किती गुण घेतले ते लिहा. पहिल्या वर्षी दोन-तीन, दुसऱ्या वर्षी त्याच दर्जाच्या मुलींसमोर सात-आठ येत असतील, वहीतला डावीकडचा आकडा चढत असेल, आणि पहाटे तिला कोणी उठवावं लागत नसेल, तर दहावीनंतर तिला बाहेर पाठवायचा विचार नक्की करा. तेव्हा मलाही लिहा, मी भाचीला घेऊन तुमच्या घरी येईन.

त्या वेळी ज्या कोणाकडे पाठवाल, त्याला आधी विचारा. मुली कुठे राहतात, त्यांच्याजवळ रात्री बाई माणूस कोण असतं? प्रशिक्षकाच्या घरी राहायचं म्हणत असतील तर तिथंच नाही म्हणा, तो माणूस कितीही देव असला तरी. आईबाप न सांगता केव्हाही भेटायला येऊ शकतात का? मुलीकडे स्वतःचा फोन राहील का? शाळा कोणती, रोज की नुसती परीक्षेपुरती? एका कोर्टात किती पोरं? सहा महिन्यांत परत यावंसं वाटलं तर उरलेले पैसे मिळतील का, आणि हे लिहून द्याल का? या प्रश्नांवर जो चिडतो, त्याच्याकडे पोरगी ठेवू नये.

पैशाचं. वर्षाला दोन रॅकेट, बूट, बॉल, प्रवास, शिबिर, काकांचं पाकीट, हे सगळं धरूनही तुमचा खर्च त्या साडेतीन लाखांच्या जवळपास जात नाही. रॅकेट शिकाऊ पोरीला तीन-चार हजारांची पुरते, दुकानदार बारा हजारांची दाखवेल. यवतमाळला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकदा स्वतः जा. तिथं तीन गोष्टी विचारा: राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावीला क्रीडा गुण कसे मिळतात, शिष्यवृत्ती कोणत्या आहेत, आणि खेळाडूंच्या नोकरीतल्या आरक्षणाचा ताजा शासन निर्णय काय म्हणतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे करावी लागते, तुमच्यासाठी ते कार्यालय अमरावतीला. प्रत्येक प्रमाणपत्र, प्रवेशिका, निकालाचा कागद एका फाइलमध्ये ठेवा. नोकरीच्या वेळी मूळ कागद सापडत नाही म्हणून हळहळणारी पोरं मी पाहिली आहेत. खेलो इंडिया युवा स्पर्धेतही जानेवारी २०२४ मध्ये स्क्वॅश होता, पुढे तो असेल आणि राज्य संघात निवड झाली तर तिथला खर्च घरावर येत नाही.

आणि शाळा सोडायची नाही, इंग्रजी तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत स्क्वॅशला फार मान आहे, चांगल्या खेळाडूंना प्रवेशात आणि फीमध्ये मदत मिळते. आपल्या विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला वेलवन सेंथिलकुमार न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकला. पण तिथं मार्कही पाहतात. आणि समजा ती जगातल्या पहिल्या शंभरांत कधीच आली नाही, तरी दहा वर्षं मनापासून स्क्वॅश खेळलेली शिकलेली मुलगी प्रशिक्षक होऊ शकते, पंच होऊ शकते, शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत लागू शकते. देशात आणि परदेशातही क्लबांना चांगले प्रशिक्षक हवेच असतात. माझी भाची राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेली नाही. आज ती स्वतःच्या कमाईवर घर चालवते.

यापुढचं चार ओळींचं भाऊंना वाचून दाखवा.

भाऊ, अकरा वर्षं तुम्ही त्या कोर्टाची फरशी पुसली आणि खेळले दुसरे. त्याच फरशीवर तुमची लेक राज्याला पोहोचली, तेव्हा दोन एकर विकावेसे वाटले, यात काही चूक नाही. बापाचं काळीज असंच असतं. पण तिला जे तुम्हीच देऊ शकता ते पैशाचं नाही. रोज पहाटे साडेपाचला दार उघडा, कोर्टात उभे राहा आणि तिला हाताने बॉल टाका, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, शंभर-दीडशे वेळा. अकरा वर्षं पाहून तुम्हाला बॉल कुठे पडायला हवा ते नक्की कळत असेल. दोन एकरांचा विषय मात्र तिच्या देखत पुन्हा काढू नका. ते वावर आजींचं आहे, आणि धाकट्याचाही त्यात वाटा आहे.

ताई, गौरीशी तुम्ही बोला. पुण्याला जायचं का, मोठी खेळाडू व्हायचं का, असले प्रश्न नकोत, त्यांची उत्तरं चौदाव्या वर्षी कोणालाच येत नाहीत. वावर विकत नाही, हे आधी सांगा. मग एवढंच विचारा, उद्या सकाळी जायचं का? आणि आजींना एकदा तरी कोर्टाच्या गॅलरीत नेऊन बसवा. नात काय करते ते त्यांनी पाहिलेलंच नाही असं पत्रावरून वाटतं.

एक काम आजच करा आणि मला कळवा. क्लबातल्या बॉलवर बारीक रंगीत ठिपके असतात. दोन पिवळे असतील तर तो सर्वांत कमी उसळणारा, मोठ्या स्पर्धांचा बॉल. एक पिवळा, लाल, निळा हे क्रमाने जास्त उसळणारे, शिकणाऱ्यांचे. त्यात आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली कोर्ट भट्टीसारखं तापतं, बॉल गरम होऊन नेहमीपेक्षा जास्त उड्या घेतो, आणि पोरीला वाटतं आपण प्रत्येक बॉलपर्यंत पोहोचतो. मग थंड कोर्टावर दोन ठिपक्यांचा बॉल कोपऱ्यात पडल्यावर उठतच नाही. राज्याला दुसऱ्या फेरीत तसंच काही झालं का, ते तिला विचारा. गौरी आजवर कोणत्या ठिपक्याच्या बॉलने खेळत आली आहे, ते पाहून लिहा, म्हणजे पुढचा सराव कसा ठेवायचा ते भाचीला विचारून सांगतो.